न्यू पॅलेस वस्तुसंग्रहालय, कोल्हापूर : दरबार हॉल आवर्जून पाहावा

कसबा बावडा रस्त्यावरील न्यू पॅलेसची वास्तू मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात उभी राहिली. तिच्या तळमजल्यावरील शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात शस्त्रे, पोशाख, छायाचित्रे आणि शिकारीतील पेंढा भरलेले प्राणी पाहायला मिळतात. बहुतेक पर्यटक प्राण्यांच्या दालनात रेंगाळतात, मला मात्र ते सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते.

येथील खरे वैभव म्हणजे दरबार हॉल. उंच छत, सिंहासन आणि शिवचरित्रातील प्रसंग रंगीत काचांत साकारलेल्या खिडक्या पाहताना राज्यारोहण हा केवळ घराण्याचा विधी नसून प्रजेसमोर घेतलेली जबाबदारी असते, हे मनावर ठसते. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार स्वीकारणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी पुढे १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आठवत या दालनात थोडा वेळ थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, तरी दसरा चौकातील शाही सीमोल्लंघन आजही लोकांचेच आहे. अंबाबाईची पालखी येते, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होते आणि मग सोने लुटायला सारे शहर लोटते. शक्य असल्यास नवरात्राच्या अखेरीस यावे, आधी संग्रहालय निवांतपणे पाहावे आणि विजयादशमीच्या सायंकाळी गर्दी वाढण्यापूर्वीच चौकात जागा धरावी.