मॅकबुक एअर की जुना थिंकपॅड? कोल्हापुरातल्या डेव्हलपरचा हिशेब

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की दुकानदार आणि मित्र दोघंही आधी बजेट विचारतात. मी वेगळंच विचारतो: तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम शेवटी कुणाच्या मशीनवर चालणार? पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करणार, की उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणार?

कारखान्यांचं आधी घेतो, कारण निवड चुकते ती तिथंच. फाउंड्रीच्या गेटवर वजनकाटा असतो. त्याच्या इंडिकेटरमागून नऊ पिनांची सिरीयल केबल निघते. ट्रक काट्यावर चढला की आकडा वर-खाली होत स्थिरावतो आणि तो स्थिरावलेला आकडाच आपल्या प्रोग्रॅमने उचलायचा असतो. पुढं गेटपास, मग टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री. टॅलीप्राइमला ९००० नंबरच्या पोर्टवर नीट एक्सएमएल (ठरावीक साच्यातला मजकूर) पाठवलं की व्हाउचर तयार; हे एकदा जमलं की मालक खूश. पण टॅली विंडोजवर, लेबल प्रिंटरची युटिलिटी विंडोजवर, डिजिटल सहीचं टोकनही बहुतेक ठिकाणी विंडोजच्याच पीसीला लावलेलं. काट्याचा आकडा मॅकवरही वाचता येतो, अडतं ते त्याच्या पुढं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम चिपच्या मॅकमध्ये बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय, नाही. मॅकच्या आतच दुसरी सिस्टीम चालवणाऱ्या पॅरलल्स या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज चालतं, पण ते एआरएमचं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं. साधे प्रोग्रॅम त्यात चालून जातात, मात्र इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) चालत नाही. प्रिंटर कंपनीने एआरएमचा ड्रायव्हर काढलेला नसला की लाखाचं मशीन बगलेत घेऊन तुम्ही अकाउंटंटच्या खुर्चीमागे उभे: "सर, जरा तुमचा पीसी द्या की."

अशा कामाला लेनोव्होचा २०१८ चा थिंकपॅड टी४८० अजून नाद खुळा मशीन आहे. ऑफिसांतून निघालेले हे लॅपटॉप सेकंडहँडला नव्या एअरच्या साधारण पाव किमतीत मिळतात. रॅमचे दोन स्लॉट आहेत, त्यामुळे आज १६ जीबी आणि पुढच्या कामाचे पैसे आले की ३२. बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक बाहेरून लागणारी. आतली चार्ज असली की लॅपटॉप चालू ठेवूनच बाहेरची बदलता येते. शेडवर लाइट गेली तरी काम थांबत नाही. कीबोर्ड, एसएसडी, पंखा हे सगळं राजारामपुरीतला एखादा हुशार रिपेअरवाला बदलून देईल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. अशा वेळी सुटा भाग गावातच मिळण्याची किंमत कळते.

पण टी४८० म्हणून काहीही गळ्यात मारून घेऊ नका. टी४७० दिसायला जवळजवळ तसाच, पण त्यात इंटेलच्या प्रोसेसरची सातवी पिढी आहे किंवा त्याहून जुनी. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्क्रीनही बघून घ्या. १३६६ बाय ७६८ चा फिकट टीएन पॅनेल (स्वस्तातला स्क्रीन) असेल तर दिवसभर कोड वाचताना डोळ्यांचा पार भुगा होतो. यूएसबी-सी पोर्टला चार्जर लावून बघा. त्यातल्या थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचं जुनं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) हे या मॉडेलचं ठाऊक असलेलं दुखणं आहे, आणि त्यावर लेनोव्होने अपडेट दिलेलं आहे. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टीम, झकास चालतं, फक्त बोटाचा ठसा घेणारा सेन्सर सहजासहजी चालत नाही. माझ्या मते त्यावाचून काही अडत नाही.

आता एअर. एम४ चा एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांपासून आला. सव्वा किलोचा, पंखा नसलेला. वेगाची तुलना करण्यात अर्थच नाही: अँड्रॉइडची मोठी बिल्ड (कोडपासून अ‍ॅप तयार करणं) थिंकपॅडच्या निम्म्याहून कमी वेळात होते आणि तिथं पंखा घोंघावत असतो तेव्हा हा गप्प असतो. बॅटरी दिवसभर विसरून जावी अशी. मे महिन्याच्या उकाड्यात लांबलचक बिल्ड लागोपाठ चालवल्या तर पंखा नसल्यामुळे वेग थोडा उतरतो, पण वेब आणि मोबाइलच्या रोजच्या कामात ते जाणवत नाही. खटकतं ते वेगळंच. रॅम बोर्डावरच जडवलेली, त्यामुळे घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. आणि पाणी सांडलं तर खर्चाचा आकडा ऐकून तांबडा रस्साही गोड लागणार नाही.

मॅकला पर्याय नाही असं एकच काम आहे, ते म्हणजे आयफोनचं अ‍ॅप. ते बनवायचं अ‍ॅपलचं साधन, एक्सकोड, फक्त मॅकवर चालतं. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप्स करायचं साधन) लिहून आयओएसची बिल्ड गिटहब अ‍ॅक्शन्सच्या इंटरनेटवरच्या मॅकवर काढता येते, एखाद्या अ‍ॅपपुरतं ते ठीक. पण फक्त आयफोनवरच येणारा बग पकडायचा झाला की दर बदलाला बिल्डची वाट बघत बसावं लागतं. शिवाय अ‍ॅपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेचं एकदाच २५ डॉलर. गिऱ्हाइकाला दर सांगताना हे धरायला विसरू नका.

चाळीस-पन्नास हजारांत नवा विंडोज लॅपटॉप? वॉरंटी मिळते, हे खरं. पण या किमतीत बरेचदा ८ जीबी रॅम येते. अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) आणि ब्राउझर एकत्र उघडले की ती संपते. रॅम वाढवायला स्लॉट आहे का, हे दुकानात उभं राहूनच विचारा. नसेल तर पुढच्या दुकानात जा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि काम अजून ठरलेलं नसेल, तर टी४८० घ्या, १६ जीबी करा आणि विंडोज व लिनक्स दोन्ही टाका. आयफोनचं काम किंवा रिमोट नोकरी हातात आली की एअर. तोही सेकंडहँड बघणार असाल तर एक लक्षात ठेवा: ऑक्टोबर २०२४ पर्यंत एअरचं सगळ्यात स्वस्त मॉडेल ८ जीबीचंच यायचं, आणि बाजारात मुख्यतः तेच फिरतंय. भाव कितीही पाडून दिला तरी ते डेव्हलपरनं घेऊ नये.