एन्व्हलप की लॅटिस: अक्षरं वाकवायला काय घ्यावं?

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात फ्लेक्सची कामं वाढतात आणि 'नाव कमानीसारखं वाकवून द्या' ही मागणी हमखास येते. इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन पाथ इफेक्ट (रेखाकृतीचा आकार बदलणाऱ्या सोयी) कामाचे आहेत.

एन्व्हलप डिफॉर्मेशनमध्ये आकृतीच्या चारही कडांना एकेक वाकवता येणारी रेषा मिळते. वरची रेषा उचलली की शिरोरेखा तिच्यामागे जाते आणि आतलं सगळं कडांच्या प्रमाणात सरकतं. मराठीसाठी हे फार मोलाचं आहे. शिरोरेखा मध्येच लचकली, तर धड शब्दही तुटल्यासारखा दिसतो. कमान, पताका, फुगीर नाव यांसाठी मी डोळे झाकून हेच घेतो.

लॅटिस डिफॉर्मेशन 2 आकृतीवर बिंदूंची जाळी पसरतं. चादरीच्या नक्षीतल्या मोराची नुसती मान वळवायची असेल, तर तिथला बिंदू ओढायचा. पिसाऱ्याला फारसा धक्का लागत नाही. आरशासारखी हालचाल चालू केली की दोन्ही बाजू सारख्या राहतात. अक्षरांना मात्र जाळी नकोच.

दोन्हींत मूळ आकार शाबूत राहतो, पण मजकुरावर ते थेट लागत नाहीत; तो सहसा आधी पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेखाकृतीत, बदलावा लागतो. मग गिऱ्हाईकाने एक वेलांटी सुधारायला सांगितली, की पुन्हा पहिल्यापासून. अडोबीच्या इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमध्ये वाकवलेला मजकूरही नंतर बदलता येतो. इंकस्केपने आणखी नवा इफेक्ट देण्याआधी एन्व्हलपमध्ये एवढी सोय द्यावी, ही माझी कळकळीची सूचना आहे.