एक मोठं गोदाम की वीस गाळे? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

आमच्या गावात सध्या दोन प्रस्ताव एकदमच आलेत. महामार्गाच्या अंगाला एका कंपनीला पाच एकरांवर एक मोठं गोदाम उभं करायचंय. आणि गावाच्या आतल्या बाजूला, शाळेच्या रस्त्यावर, वीसेक खातेदारांना आपापल्या दहा-दहा गुंठ्यांवर गाळे, म्हणजे भाड्याने द्यायची छोटी गोदामं, काढायचेत. पहिल्याच्या विरोधात नाक्यावर फलक लागलेत. दुसऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण ते आपलेच. कोणी काका, कोणी मेव्हणा.

मी ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. पंचायतीत एक टर्म बसलोय आणि आमच्या घरचे दोन गाळेही आहेत, त्यामुळे मला कोणाची बाजू घेऊन साव व्हायचं नाही. पण भिवंडी तालुक्यातल्या बऱ्याच गावांपुढे आज हीच निवड आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यात ती झाल्यातच जमा आहे. पडघ्याकडे आणि समृद्धी महामार्ग जिथे येऊन संपतो त्या आमण्याकडे अजून चालू आहे. म्हणून दोन्ही प्रस्ताव शेजारी-शेजारी ठेवून बघतो.

आधी एक साधं गणित. वीस खातेदार, प्रत्येकी दहा गुंठे, म्हणजे दोनशे गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे पाच एकर. कंपनीचीही जमीन तेवढीच. पत्रा तेवढाच पडणार, गाड्याही साधारण तेवढ्याच येणार. फरक इतकाच की कंपनीचं गोदाम एका फायलीत आहे आणि गाळे वीस फायलींत. त्यातल्या निम्म्या फायली तर उघडल्याच जाणार नाहीत.

हा फरक कागदावर कसा दिसतो ते बघा. कंपनीचं बांधकाम मेझनाइन (आतला पोटमाळा) धरून २०,००० चौरस मीटरच्या वर जातंय. इतक्या बांधकामाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची मंजुरी लागते. औद्योगिक शेडना यातून सूट दिलेली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. म्हणजे पावसाचं पाणी कुठे जाणार, किती ट्रक येणार, सांडपाण्याचं काय, हे कंपनीला लिहून द्यावं लागतं आणि ते सरकारच्या परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. वीसपैकी एकही गाळेवाला या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. पाच एकर पत्र्याचा हिशोब कोणीच, कुठेच मांडत नाही.

पाणी

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. भाताचं खाचर नुसतं शेत नसतं, ती पाण्याची टाकी असते. बांधाच्या उंचीएवढं पाणी ते धरून ठेवतं आणि सावकाश खालच्या खाचरात सोडतं. तिथे भराव टाकून पत्रा चढवला की ही टाकी गेली. आपल्याकडे ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे जुलैतली एक साधी दुपार. पाच एकर पत्र्यावर तेवढा पडला तर सुमारे १० लाख लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका जागी ओतल्यासारखं. त्याच वेळी खाडीला भरती असेल तर नाला उलटा चढतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एकाने गाळ्यांसाठी चार फूट भराव टाकला. मुरूम, डबर, कुठल्या तरी पाडलेल्या चाळीचा राडारोडा, त्यात फुटक्या संडासाच्या टाइल्ससुद्धा. पूर्वी तिथून आमच्याकडे दोन हात रुंदीचा ओहोळ यायचा. त्याने त्यात नऊ इंची सिमेंटचा पाइप टाकला आणि वरून रस्ता केला. त्या पावसाळ्यात आवणी होऊन आठवडाही झाला नव्हता. पाणी तीन दिवस खाचरात उभं राहिलं. चौथ्या दिवशी वडील रोप उपटून बघायला गेले तर मुळं काळी पडून हातात सुटून आली. तक्रार कोणाकडे करायची? भराव टाकणारा लांबचा भाऊच. त्याच्याकडे नकाशा नव्हता, मंजुरी नव्हती, त्यामुळे अटीही नव्हत्या. अट मोडली असं म्हणायला आधी अट असावी लागते.

कंपनीच्या नकाशात निदान नाला दाखवलेला आहे. तो वळवून कडेने नेलाय, हे मला पसंत नाही, पण तो कागदावर आहे, त्याची रुंदी लिहिलेली आहे आणि मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या पाइपचा, व्यास विचारता येतो. तेव्हा मोठ्या प्रस्तावाचा नकाशा हाती आला की दर्शनी चित्र बघू नका. भरावाची पातळी आणि नाल्याची रेघ शोधा. खाडीकाठच्या गावांनी तिवरंही बघावीत. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने तिवरांभोवतीचं ५० मीटरचं अंतर मोकळं ठेवायचं आहे, आणि रात्रीत टाकलेला भराव नेमका तिथूनच सरकत पुढे येतो.

रस्ता

कंपनीच्या जागेला पोच रस्ता महामार्गाच्या सेवा रस्त्यावरून आहे. आत गाड्या उभ्या करायला जागा आहे, डॉकसमोर (माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यासमोर) चाळीस फुटी कंटेनर वळेल इतकं आवार आहे. गाळ्यांना पोच शाळेच्या रस्त्यावरून. तो एस.टी.साठी केलेला रस्ता, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने गटारावर चढायचं.

आमच्या जुन्या गाळ्यांसमोर रोज सकाळी साडेदहाला काय होतं ते सांगतो. न्हावा-शेव्याहून रात्री निघालेला ट्रेलर शिळफाटा, मुंब्रा बायपास असा रखडत एकदाचा पोचतो. गाळ्याला आवार नाही, म्हणून तो रस्त्यावरच आडवा होऊन रिव्हर्स घेतो. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो. दहा-बारा मिनिटं रस्ता बंद. दोन्हीकडे रिक्षा, दुधाची मोटरसायकल आणि पाठीला दप्तर लावलेली पोरं. त्यातलं एखादं पोर ट्रेलरच्या चाकांमधून वाकून पलीकडे जातं. हे मी बघितलंय आणि ओरडलोयही.

इथे मला दोन्हींत तुलना करण्यासारखं काही दिसत नाही. गावातल्या रस्त्यावरून पोच असलेलं गोदाम, लहान असो की मोठं, नकोच. आणि कंपनीने उद्या ‘तात्पुरता’ म्हणून मागच्या बाजूने गावातून दरवाजा काढला तर तोही नको. असा मागचा दरवाजा नकाशात आहे का, एवढं एक जरी तपासलंत तरी खूप झालं.

आग आणि वजन

मोठ्या शेडला स्प्रिंकलर, हायड्रंट, पाण्याची टाकी आणि चहूबाजूंनी बंब फिरेल इतकं सामासिक अंतर दाखवावं लागतं. दाखवलेलं सगळं चालू असतंच असं नाही. पण आग प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि ते माहिती अधिकारात मागता येतं. गाळ्यांचं काय? भिंतीला भिंत. शेजारच्याने कापड भरलंय की थिनरचे ड्रम, हे मालकालाही ठाऊक नसतं. मलाही आमच्या दुसऱ्या गाळ्यात नक्की काय आहे हे भाडेकरूच्या तोंडूनच कळतं.

२९ एप्रिल २०२३ ला आपल्याच तालुक्यात वलपाड्याला खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडं अशी इमारत कोसळून आठ माणसं गेली. ‘खाली गाळा, वर खोल्या’ हा आपल्याकडचा लाडका हिशोब आहे. वीस प्रस्तावांपैकी निदान सहा-सात जणांच्या मनात तो असणार. त्यावर मी स्पष्ट नाही म्हणेन.

बोलायची जागा कुठे आहे

गावकऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. ‘जनसुनावणीत बघून घेऊ’ असं म्हणून लोक थांबतात. बांधकाम प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणीच नसते, २००६ च्या अधिसूचनेनेच त्यांना ती माफ केलीय. विकास परवानगीच्या अर्जावरही शेजाऱ्यांच्या हरकती मागवल्या जात नाहीत. नगररचना कायद्याच्या कलम ४४ खाली अर्ज जातो, कलम ४५ खाली निर्णय होतो. नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत काहीच कळवलं नाही आणि प्रस्ताव नियमात बसत असेल, तर परवानगी मिळाली असंच धरलं जातं. तुम्ही गणपतीनंतर बैठक घेऊ म्हणेपर्यंत मुदत संपलेली असते.

जाहीर हरकतीची संधी येते ती झोन बदलताना. जमीन हरित विभागात असेल आणि ती औद्योगिक करून हवी असेल, तर नोटीस निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. म्हणून पहिला कागद मागायचा तो झोन दाखला, जमीन कोणत्या विभागात आहे ते सांगणारा. आमच्या बाजूची गावं भिवंडी परिसर अधिसूचित क्षेत्रात येतात, तिथे नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). जमीन आधीच औद्योगिक पट्ट्यात असेल तर ‘गोदामच नको’ ही हरकत टिकत नाही, मग अटींवर जोर लावायचा. पर्यावरण मंजुरी निघाल्यावर ३० दिवसांत पुण्याच्या हरित लवादाकडे अपील करता येतं. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस.

तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे पेसामुळे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, ग्रामसभेचं वजन वेगळं. शिवाय सातबाऱ्यावर आदिवासी खातेदार असेल तर महसूल संहितेच्या ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती जमीन बिगर-आदिवासीकडे जात नाही. इतर गावांत ग्रामसभेचा ठराव प्राधिकरणावर बंधनकारक नसतो, पण तो फायलीला लागतो. आवक शिक्का मारून पोच घेतलेला ठराव पुढे लवादात किंवा कोर्टात उपयोगी पडतो. नाक्यावरचा फलक पडत नाही.

गाळ्यांबाबत तर बोलायची जागाच नाही, कारण बहुतेकदा अर्जच नसतो. पंचायतीची घरपट्टीची पावती दाखवली जाते. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. कर वेगळा, परवानगी वेगळी. उद्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस आली तर ती पावती कामाला येणार नाही. आणि चांगला भाडेकरू हल्ली भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनचा दाखला आधी विचारतो. दोन्ही नसतील तर कमी भाड्यात नको तो माल येतो.

पैसा

इथे मात्र गाळेवाल्यांचं पारडं जड आहे आणि ते मान्य करायला हवं. गाळ्याची जमीन आपलीच राहते, महिन्याला भाडं येतं, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. विकलेल्या जमिनीचं काय होतं ते आपण पाहिलंय. बंगला, लग्न, काळी फॉर्च्युनर, आणि दहा वर्षांनी त्याच जागेवर वॉचमनची नोकरी. कंपनी भाडेपट्ट्यावर घ्यायला तयार असेल तर विकण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. करार नोंदणीकृत हवा आणि सही करताना आपला वकील बरोबर हवा.

रोजगाराबद्दल दोन्ही बाजू भरपूर बोलतात. लिहून कोणी देत नाही.

वीस जणांसमोर मी तिसरीही एक वाट ठेवली होती. सगळ्यांनी मिळून एकच अभिन्यास (लेआउट) टाकायचा. मधून एक रस्ता, एक नाला, एक पाण्याची टाकी, पोच महामार्गाकडून. जमीन ज्याची त्याची. नकाशा मी फुकट काढून देतो म्हटलं. अडलं ते सातबाऱ्यावर. एकेका गटावर पंधरा-पंधरा नावं, आत्यांचे हक्कसोड झालेले नाहीत, एक चुलतभाऊ दुबईत. तरी नऊ जण तयार झालेत, हे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच.

तुमच्या गावात हे दोन प्रस्ताव असतील आणि मत द्यायचंच असेल, तर माझं असं आहे. जमीन औद्योगिक झोनमध्ये, पोच महामार्गावरून आणि नाल्याची मूळ रुंदी कायम असेल, तर मोठ्या गोदामाला अटींसह हो म्हणा. त्या अटी ठरावात आकड्यांनी लिहा. ‘पाण्याचा योग्य निचरा’ असं न लिहिता मोरी किती फुटांची ते लिहा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर हरकत घ्या. सुट्या गाळ्यांना आहे त्या जागी नाहीच, मग ते कोणाचेही असोत.

‘कोणाचेही’ म्हटल्यावर धाकट्या भावाने माझ्याकडे बघितलं. त्याला तिसरा गाळा काढायचाय, त्याच शाळेच्या रस्त्यावर. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. शेवटी आधी झोन दाखला काढू, मग बघू, यावर मिटलं. अर्ज सोमवारी दिलाय. पोच आईने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलीय.