सेंट्रल व्हॅक्यूमची सर्व्हिसिंग: मोटर गेली आणि 42,699 रुपयेही गेले

लिहू की नको यात दोन महिने गेले. आमचे हे म्हणतात, स्वतःची शोभा कशाला करून घेतेस? पण गेल्या आठवड्यात आमच्याच बी विंगमध्ये चिमणी साफ करणारा म्हणून असाच एक 'इंजिनिअर' येऊन साडेसात हजार घेऊन गेला. म्हटलं, आता लिहितेच.

आधी एक सांगते, कारण पोलिसांपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी पहिलं हेच विचारलं: मुंबईत कोणाच्या घरात सेंट्रल व्हॅक्यूम (धूळ ओढणारं मशीन एका जागी, आणि भिंतीतल्या पाइपांनी खोल्यांतून तोंडं) असतो? हौस आमची नाही. मुलुंडचा हा फ्लॅट ज्यांच्याकडून घेतला, ते कॅनडातून परतलेले. सामानाच्या कंटेनरमधून त्यांनी मशीनही आणलं आणि भिंती फोडून पाइप टाकून घेतले. ड्राय बाल्कनीत टांगलेला डबा, भिंतीतून दोन इंची पीव्हीसी लाइन, एक तोंड हॉलच्या पॅसेजला, दुसरं बेडरूममध्ये, जे आमच्या कपाटामागे गेलं. नळी खोचली की मशीन आपोआप सुरू. ह्यांना दमा आहे. साध्या व्हॅक्यूमची बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीतच येते, याची पाइपाने थेट बाहेर जाते. समोर रिडेव्हलपमेंट सुरू झाल्यापासून तर आम्ही रोज त्या कॅनडावाल्यांना दुवा देत होतो.

देखभालही मी नीट करत होते, उगाच कोणी म्हणू नये. तीन महिन्यांनी डबा रिकामा, फिल्टर झटकून, ओलं काही ओढायचं नाही, पीओपीची पूड तर अजिबात नाही. दिवाळी संपली, मावशींनी पॅसेजमधलं सगळं ओढून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून नळीला ओढच नाही. मशीनचा आवाज मात्र नेहमीसारखा.

हा 'आवाज नेहमीसारखा' शब्द लक्षात ठेवा.

मी नेटवर मशीनच्या कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस मुंबई' टाकलं. पहिला जो नंबर आला तो लावला. डब्याच्या बुडाशी कंपनीचा स्टिकर आहे, त्यावर खरा नंबर आणि ईमेल दोन्ही आहेत. वाकून बघायचा कंटाळा. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलली की विचारू नका. व्हिजिट चार्ज 499, आधी टाकायचा. टाकला.

6 नोव्हेंबरला दोघं आले. टी-शर्टवर कंपनीचं नाव, पायात स्वतःचे प्लास्टिकचे कव्हर, दारातच "काकू, चपला कुठे काढू?" शुद्ध मराठी. आपला मराठी मुलगा धंद्यात पडलाय म्हणून मला कौतुकच वाटलं. चहा केला. बिस्किटंही दिली.

त्यातल्या एकाने मशीनचा पाइप काढला आणि मशीन चालू केलं. मावशी शेजारीच कट्टा पुसत होत्या. त्यांच्या हातातलं फडकं खस्सकन उडालं आणि मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटलं. इतकं घट्ट की त्या दोन्ही हातांनी ओढत होत्या आणि हसत होत्या, "ताई, बघा की कसं ओढतंय!" त्याने झटकन बटण बंद केलं. आणि मी, मी बाई मावशींना काय म्हणाले? "तुम्ही जरा बाजूला व्हा, त्यांना काम करू द्या."

दोन महिने झाले, रात्री डोळा लागत नाही तेव्हा ते फडकंच दिसतं. मोटर जळलेली असती तर फडकं कशाला ओढलं असतं? मशीनच्या तोंडाशी ओढ आहे आणि भिंतीशी नाही, म्हणजे मोटर ठणठणीत आहे, अडलंय ते पाइपात. चौथीतल्या पोराला कळेल. ज्या बाईला कळलं तिला मी गप्प केलं.

मग त्याने मोटरच्या कडेला बोट फिरवून काळी पूड दाखवली. "काकू, जळलीय. हा बघा कोळसा." ती मोटरमधल्या कार्बन ब्रशची पूड होती. ब्रश झिजतात, पूड पडते. आता सगळं माहीत आहे मला. तेव्हा पोटात गोळा आला, कारण तो पुढे म्हणाला, "120 व्होल्टची मोटर इथे कुठेच मिळत नाही, आमच्याकडे एकच पीस आहे." हे मात्र अर्धं खरं होतं, मशीन कॅनडाचं ना, म्हणून तर घशाखाली उतरलं. सगळं खोटं बोलणारा माणूस मी ओळखला असता हो.

हिशेब: व्हिजिट 499. पाइपलाइन क्लीनिंग 6,800 (दहा मिनिटं ब्लोअर, माझे पडदे घाण). नव्या मोटरचे 20,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 23,600. तीन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, 11,800. एकूण 42,699. "कंपनीच्या अकाउंटला आज प्रॉब्लेम आहे, साहेबांच्या नंबरवर टाका." स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्या तरी माणसाचं होतं. मी ते वाचलं. वाचून पिन टाकला. आणि जुनी मोटर 'एक्स्चेंज'मध्ये माझ्याच जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेले.

आता सगळ्यात लाजिरवाणं. मी एकोणतीस वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काढली. व्हेंडरची बिलं तपासणं हेच काम. त्या रात्री बिल हातात घेतलं तर जीएसटी नंबर 07 ने सुरू. 07 म्हणजे दिल्ली. पत्ता अंधेरीचा, महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो. मोजला तर चौदाच आकडे-अक्षरं, हवीत पंधरा. ऑफिसात असं बिल मी शिपायाच्या हाती परत पाठवलं असतं. घरात चष्मा कुठे होता कोण जाणे.

'चार दिवसांत मोटर' म्हणाले होते. आधी 'कस्टमला अडकली', मग 'मुलगा आजारी', मग फोन उचलणं बंद. इतके दिवस मी वाट का बघितली? कारण फसलोय हे स्वतःला कबूल करायला वेळ लागतो. तो वेळच त्यांना हवा असतो. तुम्ही तो देऊ नका. पैसे गेल्याचं कळलं त्या मिनिटाला 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, पैसे त्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. मी बाराव्या दिवशी लावला.

पोलीस ठाण्यात पहिला अर्धा तास सेंट्रल व्हॅक्यूम म्हणजे काय हे समजावण्यात गेला. ठाणे अंमलदार म्हणाले, "म्हणजे झाडूच ना मॅडम?" मागचा एक जण हसला. मग, "पैसे तुम्ही स्वतः दिलेत, जबरदस्ती केली का? हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, हे 420 आहे. तर म्हणतात, 420 आता राहिलेलं नाही. अहो, नाही कसं? भारतीय न्याय संहितेत तेच 318 झालंय! नंबर बदलला म्हणून चोरी सज्जन झाली का? तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला, चहा पिऊन गेला, हे सायबर कसं? परत ठाण्यात जा. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो रे बाबा, मीच टाकलाय, सगळ्यांनी मिळून छापून द्या म्हणजे दारावर लावते. लेखी तक्रार दिली तर पोच द्यायला तीन खेपा. पोच घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका, ती नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता. शेवटी सोळाव्या दिवशी ठाण्यातून फोन: सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आणा. सेक्रेटरी म्हणाले, फुटेज पंधरा दिवसच राहतं. गेटच्या रजिस्टरमध्ये वॉचमनने लिहिलंय 'वेक्यूम वाले 2', आणि मोबाइल नंबरचे नऊच आकडे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे मलाही ठाऊक आहे, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. अंधेरीच्या त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. मी जाऊन आले.

पुढच्या रविवारी भाचा आला. पॅसेजच्या तोंडाचे दोन स्क्रू काढले, टॉर्च मारला आणि चिमट्याने आतून ओढून काढलं: आकाशकंदिलाची गुलाबी झिरमिळी, तिला गुंडाळलेले केस, आडवी अडकलेली उदबत्तीची काडी आणि त्यावर रांगोळीचा थर. तोंडामागचं वळण सगळ्यात आखूड असतं, म्हणजे अडकायचं ते तिथेच अडकावं, आत खोल जाऊ नये. तीन मिनिटांचं काम. कपाट सरकवून बेडरूमच्या तोंडाला नळी लावून बघितली असती तरी कळलं असतं. झिरमिळी मी टाकलेली नाही, डबीत ठेवलीय.

मोटर काढून कोणाच्याही हातात देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर सीरियल नंबरचा फोटो आणि सहीचं चलन घ्या. चादर तर मुळीच देऊ नका.

डबा अजून भिंतीवर आहे, आत पोकळ. मावशी केरसुणीने झाडतात आणि हे खोकतात.

काल तोच नंबर दुसऱ्या फोनवरून लावला. लागला. तीच गोड मुलगी, "कुठे व्हिजिट हवीय मॅडम?" मी पोलीस ठाण्याचा पत्ता दिला. उद्या अकरा ते एकच्या मध्ये माणूस येईल म्हणाली, 499 आधी टाका.