गर्ल स्काउट कुकीज : एवढ्या विक्र्यांमध्ये एकच घ्यायची तर

आमच्या न्यू जर्सीच्या घरात सप्टेंबरपासून मेपर्यंत शाळेसाठी नाहीतर मुलांच्या क्लबसाठी पैसे जमवायला कोणी ना कोणी काहीतरी विकत असतं. धाकट्याच्या शाळेचे गिफ्ट रॅपचे कॅटलॉग, बँडचं कुकी डो (कुकीजचं कच्चं पीठ), स्काउटांचा पॉपकॉर्न, सॉकरवाल्यांची रॅफल (सोडत) आणि जानेवारी उजाडला की लेकीच्या ट्रूपच्या, म्हणजे गर्ल स्काउट पथकाच्या, कुकीज. हे सगळं विकत घेऊन, खाऊन, वापरून झालंय. यातल्या कुकीजसाठीच पैसे देताना हात आखडत नाही.

त्यातही थिन मिंट्स. खोक्यात दोन पुडे असतात, ते आणल्याआणल्या फ्रीजरमध्ये टाकायचे. गार झाल्यावर चॉकलेट कडक होतं, आतलं बिस्कीट कुरकुरीत राहतं आणि पेपरमिंट घशापर्यंत जातं. शिवाय यात अंडं नाही, दूधही नाही. सासूबाई भारतातून आल्या की चष्मा लावून खोक्याच्या बाजूचं बारीक छापलेलं वाचतात, मगच तोंडात टाकतात. त्यांनी पास केलेली ही एकमेव अमेरिकन कुकी.

समोआज (काही भागांत याच धर्तीची कुकी कॅरमेल डिलाइट्स म्हणून मिळते, कारण कुकीज बनवणाऱ्या बेकऱ्या दोन) मला फार गोड लागतात. खोबरं छान खरपूस असतं, पण कॅरमेल दाढेत जाऊन बसतं. ट्रेफॉइल्स साधी शॉर्टब्रेड. चहाबरोबर बरी, पण एवढे पैसे देऊन घेण्यासारखी नाही.

आता पैशांचं. आमच्याकडे खोका सहा डॉलरला पडतो, म्हणजे दुकानातल्या बिस्किटांच्या मानाने महागच. त्यातले ट्रूपच्या हातात साधारण डॉलरभर, कधी त्याहूनही कमी येतात. बाकीचे बेकरीला आणि गर्ल स्काउटच्या स्थानिक कौन्सिलला. तरी मी घेते, कारण इथे पोरी खरंच काम करतात. फेब्रुवारीच्या थंडीत किराणा दुकानाबाहेर टेबल मांडून उभ्या राहतात, सुट्टे मोजतात, ‘नको’ म्हणून पुढे जाणाऱ्यालाही थँक यू म्हणतात. १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या ट्रूपने स्वतः भाजलेल्या कुकीज शाळेत विकल्या होत्या. आता भाजायचं काम गेलं, पण विकायचं तरी मुलींकडे राहिलंय. ऑनलाइन लिंक मात्र आईच फिरवते, हे उघड गुपित आहे.

बाकीच्या विक्र्यांना माझ्याकडून फार तर दोन तारे. गिफ्ट रॅपचा कागद इतका पातळ, की खोक्याच्या कोपऱ्यावर ताणला की फाटतो. कुकी डोचा डबा फ्रीजरमधली मोदकांची जागा खातो. पण खरी चीड येते ती शाळेच्या हॉलमध्ये मुलांना बसवून ‘इतके विका, हे मिळवा’ म्हणत प्लॅस्टिकची बक्षिसं नाचवणाऱ्या माणसाची. सात वर्षांचं पोर घरी येऊन चिकट रबरी पालीसाठी रडतं आणि आपण तेवढ्यासाठी कॅटलॉगातल्या मेणबत्त्या घेतो! पिझ्झा नाइट त्यातल्या त्यात बरी. जेवण आपलं होतं, बिलातला काही हिस्सा शाळेला जातो. फक्त बिल देताना शाळेचं फ्लायर (पत्रक) दाखवायला विसरू नका, नाहीतर शाळेला दमडी मिळत नाही.

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत तर गंमतच व्हायची. मी तिच्या मुलाचा पॉपकॉर्न घ्यायचा, तिने माझ्या मुलाचा रॅपिंग पेपर. तेच वीस डॉलर पॉटलकला इकडून तिकडे फिरायचे आणि मधली कंपनी आपला वाटा काढून घ्यायची. शेवटी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं : कुकीज सोडून कोणी कोणाला लिंक पाठवायची नाही. शाळेला द्यायचे ते पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) नावाने सरळ चेकने, वर्षातून एकदा, म्हणजे सगळे पैसे शाळेलाच जातात. कॅटलॉग आला की मी त्यावर ‘चेक दिलाय’ लिहून दप्तरात परत टाकते. अजून कोणी शिक्षिका रागावलेली नाही.

थिन मिंट्स पाच तारे. आजूबाजूला ट्रूप असेल तर दोन खोके घ्या, एक सासूबाईंपासून लपवायला.