स्प्रूस की मेपल करत बसले आणि पदरात पडला प्लाय

हॉलोबॉडी, म्हणजे पोकळ गिटारचा टॉप, म्हणजे वरचं झाकण, स्प्रूसचा घ्यावा की मेपलचा, यावर मी तीन आठवडे डोकेफोड केली. जो माणूस ती बनवून देणार होता, त्यानेही माझ्याइतक्याच हौसेने केली. रात्री अकराला फोन करून तो मला लाकडातल्या रेषांमधलं अंतर समजावून सांगायचा. लाकडावर इतकं प्रेम असलेला माणूस फसवणार नाही, असं मी स्वतःशी धरून चालले होते.

ज्यांना यातलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकळ गिटारमध्ये ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) थेट टॉपवर उभा असतो. तार हलली की ब्रिज टॉपला हलवतो, आणि टॉप किती हलतो यावर सूर कसा सुटतो आणि किती वेळ टिकतो हे बरंचसं ठरतं. पिकअपला, म्हणजे तारेची थरथर टिपून अँपकडे (आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे) पाठवणाऱ्या भागाला, ऐकू येते ती तारच, पण ती तार या झाकणावर रेललेली असते. स्प्रूस हलका आणि तरीही ताठ, म्हणून सूर चटकन उमटतो आणि अँपला न जोडताही गिटार बोलते. कडक मेपल त्याच्या दीडपटीहूनही जड. सूर बांधीव, जरा उजळ, पण आतल्या आत राहणारा. सीडर मऊ, उबदार, मात्र नखाचाही ओरखडा उठतो. मला संथ लयीत वाजवायचं होतं, घरी बहुतेक वेळ न जोडता. त्यामुळे टॉप स्प्रूसचा, बॅक, म्हणजे पाठ, मेपलची असं ठरलं.

त्याने पाचरीसारख्या दोन फळ्यांचा फोटो पाठवला. एकाच ओंडक्यातून चिरून पुस्तकासारख्या उघडलेल्या, एकीच्या खालच्या कोपऱ्यात राळेचा करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग. "डाग कडेला आहे ताई, कापताना निघून जाईल," तो म्हणाला. मी म्हटलं, राहिला तरी चालेल, ओळखीचा वाटेल.

लाकडाची जात मी पारखत बसले, पण ते लाकूड झाकणाच्या रूपात कसं येणार आहे, हे कागदावर लिहून घ्यायचं राहिलं. फसले ते तिथे.

टॉप तीन तऱ्हांनी होतो. जाड फळ्या जोडून व्हायोलिनसारखा दोन्ही बाजूंनी कोरायचा, मध्ये जाड आणि कडेकडे पातळ. १९२२ ची गिब्सन एल-५ अशीच. यात निम्म्याहून जास्त लाकूड भुसा होऊन जातं आणि बनवणाऱ्याचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून ती महाग. दुसरी तऱ्हा म्हणजे पातळ अखंड फळी तापवून साच्यात वाकवायची. आणि तिसरी, पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवून साच्यात दाबायचे. म्हणजे लॅमिनेट. सुताराच्या भाषेत प्लाय. वरचा थर स्प्रूसचा असेल तर त्यालाही 'स्प्रूस टॉप' म्हणता येतं, आणि म्हणतातही. माझ्या पावतीवर हेच दोन शब्द होते. फोनवर मी 'कोरीव' म्हणाले होते, तो 'हो हो, अगदी' म्हणाला होता.

गिटार आली ती देखणी होती. मधासारखा रंग, मधोमध न दिसणारा जोड, रेषा केसासारख्या बारीक. डाग नव्हता, कापताना गेला असेल. एफ-होलच्या, म्हणजे टॉपवरच्या इंग्रजी f सारख्या भोकांच्या, कडा काळ्या रंगवलेल्या होत्या. "उठून दिसतात," असं तो म्हणाला होता, आणि खरंच दिसत होत्या. न जोडता वाजवली तर मात्र आवाज बंद कपाटातून आल्यासारखा. "नवं लाकूड आहे ताई, वाजवत राहा, सहा महिन्यांनी उघडेल." स्प्रूसबद्दल असं पुष्कळ वादक म्हणतात, त्यामुळे मी वाजवत राहिले. पहिल्या कार्यक्रमात ड्रमच्या शेजारी, अँपला जवळजवळ टेकून बसले तरी गिटार एकदाही हुंकारली नाही. कोरीव टॉपची पोकळ गिटार अशा ठिकाणी फीडबॅकने, म्हणजे अँपचाच आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणाऱ्या हुंकाराने, भंडावून सोडते. माझी गप्प. मला उलट अभिमान वाटला, काय सांगायचं!

आठव्या महिन्यात पुढचा पिकअप खरखरायला लागला. तारा सैल केल्या, रिंगचे चार स्क्रू काढले, पिकअप उचलून बाजूला ठेवला. खाली चौकोनी खाच होती आणि तिची कड कोरी, कारण तिथे कोणी रंग लावायला गेलं नव्हतं. वर कागदापेक्षा थोडा जाड फिकट पट्टा. त्याखाली जाडसर पट्टा, त्यातल्या रेषा आडव्या. त्याखाली आणखी एक, पुन्हा उभा. मधल्या थराच्या टोकाला गोंदाची पिवळसर रेघ. नखाने खरवडली तर कुरकुरीत तुकडा निघाला. काळा रंग का होता, ते तेव्हा कळलं.

तरी मन मानेना. एफ-होलमधून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला आणि टॉर्च मारला. अखंड लाकडात वरची रेषा आतही त्याच जागी सापडते. इथे वर केसासारख्या रेषा आणि आत भलतंच लाकूड, गुळगुळीत, रेषाच नसलेलं.

फोन केला. तो जराही गडबडला नाही. "वर स्प्रूसच आहे ना ताई? पावतीवर काय लिहिलंय?" मग वर हेही, की पोकळ गिटारला लॅमिनेटच चांगलं, गिब्सनचीच १९४९ ची ईएस-१७५ लॅमिनेटचीच होती, १९५८ ची अर्धपोकळ ईएस-३३५ देखील. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि चीड त्याचीच आली. लॅमिनेट ही काही शिवी नाही. मोठ्या आवाजात ते उजवं ठरतं, हवेतल्या ओलाव्याने फारसं फुगत-आकसत नाही, सहसा तडकत नाही. त्याने पहिल्या दिवशी सरळ सांगितलं असतं तर कदाचित मी तेच घेतलंही असतं, पण प्लायच्या भावात. मी मोजले ते कोरीव कामाचे पैसे. ऑर्डर देऊन बनवलेली म्हणून परत घेणार नाही म्हणाला, आणि पावती त्याच्याच बाजूने होती.

मेपल घेतला असता तरी सुटले नसते. मेपलच्या ज्या लाटांवर आपण भाळतो त्या व्हिनियरमध्येही, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ थरातही, येतात आणि काही गिटारींवर तर चक्क छापील असतात. गिटार उजेडात धरून हळूहळू तिरपी करायची. खऱ्या लाटा जागा बदलतात, उजळ पट्टा काळा होतो, काळा उजळतो. छापील जागच्या जागी राहतात. पण व्हिनियरच्या लाटाही खऱ्याच असल्याने हलतात, त्यामुळे झाकण अखंड आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कडच बघावी लागते. एफ-होलला बाइंडिंग (कडेला चिकटवलेली पट्टी) किंवा रंग असेल तर पिकअप उचलून दाखवायला सांगा, चार स्क्रूंचं काम आहे. आणि पावतीवर 'स्प्रूस' एवढ्यावर सही करू नका. अखंड, कोरीव, किंवा अखंड पण दाबून वाकवलेला, जे ठरलं असेल ते शब्दांत लिहून घ्या. ज्याच्याकडे कोरीव काम होतं त्याला ते लिहायला जड जात नाही, उलट कोरताकोरताचे, भुशाने माखलेले फोटो तो न मागता पाठवतो. मला तसा एकही आला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गिटार अजून माझ्याकडेच आहे. गोंगाटाच्या ठिकाणी तीच नेते.

गेल्या महिन्यात एका बेसवादक मित्राने मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे केला. तोही हॉलोबॉडी करून घेतोय, कोणाकडून ते मी विचारलं नव्हतं. "हे बघ माझं लाकूड, मी स्वतः निवडलंय." पुस्तकासारख्या उघडलेल्या दोन फळ्या होत्या, आणि एकीच्या खालच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग.

"आगाऊ पैसे दिलेस?" मी विचारलं.

"निम्मे," तो म्हणाला.