नमदा म्हणून घेतला, आत निघाली खोगीरभरती

लग्नसराई तोंडावर आली की घोडीवाल्याला दोनच गोष्टींचा घोर, घोडीचे पाय आणि घोडीची पाठ. पाय सांभाळले, पाठीत मार खाल्ला. लहानपणापासून घोड्यात वाढलेला माणूस असा फसतो हे लिहायला लाज वाटतेय, पण मला खोटा नमदा (जीनाखाली, म्हणजे खोगिराखाली टाकायची लोकरीची गादी) विकणारा तो पठ्ठ्या अजून तोच माल विकतोय म्हणून लिहितो.

आमची घोडी चांदणी मारवाडी जातीची आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तापीकाठी दत्तजयंतीला भरतो तो घोडेबाजार, बघितला नसेल तर एकदा बघाच. ती वरातीला जाते. आता वरात म्हणजे लोकांना वाटतं घोडीला काय, चालायचंच तर असतं. पण डीजे पुढं, नाचणारे त्याच्या मागं, एक किलोमीटरला तीन तास लागतात, आणि ऐंशी किलोचा नवरदेव वर पुढ्यात भाच्याला घेऊन बसलेला असतो. चालत्या घोड्याच्या पाठीवर वजन हलत राहतं, उभ्या घोड्यावर ते एकाच जागी रुतून बसतं. म्हणून जीनाखाली काय टाकता त्यावर सगळं आहे.

वडील आयुष्यभर पट्टणकोडोलीच्या यात्रेतलं घोंगडं चार घड्या घालून टाकायचे, कधी घोड्याची पाठ सोलली नाही. मला मात्र नमदा पाहिजे होता. नमदा विणत नाहीत, लोकर भिजवून, रगडून, दाबून जमवतात. (इंग्रज लोक जीनाखालच्या पॅडला 'नम्ना' म्हणतात तो आपला नमदाच, इथूनच नेलेला शब्द.) खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दाबली की परत वर येते. म्हणून तर पैसे मोजायचे.

व्हॉट्सॅपवर एकाचे व्हिडिओ आले. मरून रंग, कडेला पिवळी पट्टी, दिसायला एक नंबर. "दादा, कानपूरचा माल, शंभर टक्के वूल, आर्मीला जातो." कानपूरच्या खोगीरकामाचं नाव मोठं आहे हे खरंच आहे, त्यामुळं त्या नावावर कुणीही काहीही खपवतं. मी पण कच्चा नव्हतो, म्हटलं व्हिडिओ कॉल करा आणि धागा जाळून दाखवा. तो लगेच तयार. कडेचा एक पुंजका उपटला, काडी लावली, काडी बाजूला घेतल्याबरोबर विझलं, बोटानं चोळलं तर राखेचा भुगा. लोकरच! वर चार इंचाचा नमुना कुरिअरनं पाठवला, तो मी घरी जाळला, केस जळल्यासारखा वास आला, बायको म्हणाली बाहेर जाळा. झालं, खात्री पटली. तीन नग, 3,800 चा एक, 11,400 रुपये यूपीआयनं आगाऊ पाठवून दिले. बिल मागितलं तर "पार्सलमध्ये टाकतो दादा". पार्सलमध्ये बिल नव्हतं.

उघडल्यावर नव्या चपलेच्या दुकानासारखा वास आला. तो म्हणाला डाईचा वास आहे, दोन दिवस उन्हात टाका. आणि हाताला हलकं लागलं. लागलं होतं, मी खोटं नाही बोलणार, पण पैसे गेलेले असले की माणूस स्वतःचीच समजूत घालतो.

तिसऱ्या वरातीनंतर जीन उतरवलं तर सगळी पाठ घामानं ओली आणि मधे तळहाताएवढे दोन कोरडे डाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, घाम सगळीकडं सारखा दिसला पाहिजे, ओल्या पाठीत कोरडा डाग म्हणजे तिथं दाब पडतोय. मला वाटलं जीन सरकतंय, म्हणून मी तंग (पोटाखालून जाणारा जीनाचा पट्टा) अजून एक भोक आवळला. म्हणजे जखमेवर मीठ मीच चोळलं. पुढच्या वेळी जीन हातात बघूनच चांदणीनं कान मागं टाकले आणि माझ्या दंडाला तोंड घातलं. एवढ्या वर्षांत कधी चावली नाही ती. पाठ हाताला गरम लागत होती, सूज होती, एका जागी कातडं सोललेलं. डॉक्टर म्हणाले पाठ पूर्ण भरेपर्यंत जीन लावायचं नाही. भर सीझनला पाच आठवडे. सात वराती सोडल्या, इसार परत केले, एकाला ऐनवेळी दुसऱ्याची घोडी वरचे पैसे भरून बघून दिली.

त्या रात्री ब्लेड घेऊन एक नमदा उसवला. कडेची दोन बोटं रुंद पट्टी खऱ्या लोकरीची, नमुना पण त्यातलाच कापलेला. मधे वरून-खालून पातळ प्लास्टिकच्या धाग्याचं फेल्ट आणि आत शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या, कार्पेटचे तुकडे, एका बेडशीटवरची पिवळी फुलं, आणि एका चिंधीला तर चक्क गाठ होती. गाठ! कोरड्या डागाच्या बरोबर वर. खोगीरभरती हा शब्द आयुष्यभर वापरला, डोळ्यानं त्या दिवशी पाहिली. मधला तुकडा जाळला तर वितळून टपटप गळला, काळा धूर झाला, गार झाल्यावर मण्यासारखा कडक गोळा. साडीचा काठ बघून आतलं सूत कळत नाही एवढं आईला कळतं, मला कळलं नाही.

फोन केला तर पहिल्यांदा "दादा, घोडी नाजूक असेल", मग "तुम्ही घाम नीट पुसत नसाल", मग ब्लॉक. चौकीत गेलो तर हवालदार हसला, म्हणे घोड्याची गोधडी का? ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला तक्रार टाकली आहे. बिल नाही, पण यूपीआयची नोंद, चॅट आणि उसवलेल्या नमद्याचे फोटो जोडलेत. धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं एकानं मला घाबरवलं होतं, ते तसं नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणारा 2019 च्या कायद्यात ग्राहकच धरलाय. आणि पाच लाखांच्या आत व्यवहार असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. तिथपर्यंत जायची तयारी आहे.

तुम्ही घेणार असाल तर धागा त्याला काढू देऊ नका, मधला कुठला ते तुम्ही बोट ठेवून सांगा, आणि तो का-कू करायला लागला की फोन ठेवा. घरी आल्यावर मधला चिमूटभर तुकडा काचेच्या वाटीत कपड्याच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा, लोकर असेल तर सकाळी विरघळलेली असते, प्लास्टिक तसंच राहतं. मी हे नंतर केलं, माझा तसाच राहिला.

चांदणी आता बरी आहे. जखमेच्या जागी पांढरे केस आलेत, दोन रुपयाएवढे दोन ठिपके, ते आता जायचे नाहीत. पाठीवर परत वडिलांचं घोंगडं असतं. उरलेले दोन नमदे पुरावा म्हणून पोत्यात बांधून ठेवलेत. मरून रंग, पिवळी पट्टी, डाव्या कोपऱ्यात घोड्याच्या नालेचा छाप. कुणाला असा आला असेल तर आधी मधे उसवून बघा, पिवळ्या फुलांचं बेडशीट निघालं तर मला सांगा, तक्रारीत दोघांची नावं टाकू.